कडेचं स्टूल

४ मार्च

वही आजपासून. कारण कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणूनच वही.

जेवताना ठकीनं विषय काढला. ठकी म्हणजे आमची एकुलती एक. शाळेतलं नाव वेगळं, पण लहानपणी बाहुलीसारखी एका जागी बसायची म्हणून ठकी. आता एका जागी बसत नाही आणि गप्प तर त्याहून नाही. डिझाइन कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेला चित्रकलेचा पेपर असतो, त्यात पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे कागदावर लांब-जवळ दाखवणं, येतंच, आणि मैत्रिणी त्याची शिकवणी लावतायत, असं तिचं म्हणणं. मी ताटातून मान वर न करता म्हणालो, "घरात आचारी असताना खानावळ कशाला? मी शिकवतो."

ठकी खूश झाली. हिनं माझ्याकडे पाहिलं आणि वाढता वाढता हात थांबवला. "अहो, तुम्हाला हातानं येतं?" म्हणाली. मी म्हणालो, अठरा वर्षं काय मी दुकानात माश्या मारतोय?

माश्या मारत नाही हे खरं. स्वयंपाकघराच्या फर्निचरच्या दुकानात मी गिऱ्हाइकाला त्याचं होणारं स्वयंपाकघर कॉम्प्युटरवर उभं करून दाखवतो. मापं भरायची, कपाटं ओढून ठेवायची, बटण दाबायचं. रेषा कुठून निघतात आणि कुठे जाऊन मिळतात ते यंत्र बघतं. मी गिऱ्हाइकाचा चेहरा बघतो.

७ मार्च

पहिला धडा. साधं खोकं काढून दाखवायचं ठरवलं. निघालं असं, की जणू त्याच्यावर कुणी जाडजूड माणूस बसून उठलाय. ठकी ओठ दाबून बसली होती. मी रागावलो आणि म्हणालो, "आधी सरळ रेषा मारायला शीक, मग खोक्याला हस." तिला दोन पानं रेषांचा अभ्यास दिला आणि बाहेर जाऊन उगाच पाण्याची टाकी भरली का ते बघून आलो.

पोरगी बिचारी खाली मान घालून रेषा मारत बसली. मला स्वतःची लाज वाटली, पण तिच्यासमोर वाटून उपयोग नव्हता.

१२ मार्च

संध्याकाळचा वर्ग लावला. घरी सांगितलं, दुकानात मालाची मोजदाद चालू आहे, उशीर होईल. बाप मुलीला शिकवण्यासाठी चोरून शिकायला जातो, हे कुणाला सांगितलं तर म्हणेल, छान आहे, चोरून कशाला? चोरून कारण मी "शिकतो" म्हणालो नव्हतो, "शिकवतो" म्हणालो होतो.

वर्ग किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर, अरुंद जिन्यानं वर. लांब टेबलं, वर उतरते बोर्ड. बाई सत्तरीच्या. आयुष्यभर ड्राफ्टिंग, म्हणजे घरांचे नकाशे काढणं, शिकवलं, निवृत्त झाल्या आणि आता हौशी लोकांना शिकवतात. मी काय करतो म्हणून त्यांनी विचारलं. म्हणालो, दुकानात असतो. खोटं नाही. शेजारी दातांचे एक डॉक्टर बसतात, त्यांना निवृत्तीनंतर घरं रंगवायची आहेत, चित्रात.

पहिल्या दिवशी बाईंनी पेन्सिल हातात घेऊच दिली नाही. आम्हाला खोलीभर फिरवलं. "आधी उभं कुठे राहायचं ते ठरवा," म्हणाल्या, "जागा चुकली की पुढचं सगळं बरोबर येऊनही चुकतं." मग त्यांनी एका स्वयंपाकघराचं चित्र मांडलं, कागदाच्या बाहेर, टेबलावरच एक खिळा ठोकला, त्याला दोरा बांधला आणि तो ताणून ओट्याच्या, खिडकीच्या, फरशीच्या सगळ्या रेषा त्या खिळ्याकडे पळतात ते दाखवलं. मी अठरा वर्षं ती चित्रं काढतोय आणि हा बिंदू असतो कुठे ते मला ठाऊक नव्हतं. आज तो डॉक्टरांच्या पाण्याच्या बाटलीपाशी होता.

२१ मार्च

दुकानात एक बाई आल्या, गेल्या महिन्यात काम पूर्ण झालेल्या. हातात माझंच छापील चित्र. "यात तर नाचायला जागा होती," म्हणाल्या, "आता ओव्हनचं दार उघडलं की मला शेजारच्या खोलीत जावं लागतं." मापं तपासली तर बरोबर होती. चित्रात खोली मोठी वाटते कारण मी कॉम्प्युटरमधल्या कॅमेऱ्याची नजर रुंद करतो. सगळेच करतात. अरुंद खोलीचं चित्र कोण विकत घेईल?

मालकांनी गोड बोलून वाटेला लावलं त्यांना. जाताना त्यांनी चित्र माझ्या टेबलावर ठेवलं, परत दिल्यासारखं.

वर्गात माझी प्रगती गोगलगाय. डॉक्टरांची रेष थरथरते, पण कपाट कपाटासारखं दिसतं. माझी रेष सरळ आणि कपाट पडायला आलेलं.

२ एप्रिल

बाईंनी घरचा अभ्यास दिलाय. आपलंच स्वयंपाकघर, दारातून दिसतं तसं, पूर्ण कागदावर. चार दिवस झाले. तीन कागद फाडले. ओटा एकीकडे पळतो, फरशी दुसरीकडे, भांडण झालेल्या जावांसारखी.

त्यातच ठकी आज म्हणाली, "बाबा, तू हातानं काढलेलं एखादं दाखव ना. नुसतं ऐकून मला नाही कळत." तिचं बरोबर आहे. परीक्षा तीन आठवड्यांवर आली आणि मी तिला अजून रेषा आणि खोकी यातच घोळवतोय. खोकी आता ती माझ्यापेक्षा चांगली काढते. मी तिला तसं सांगितलेलं नाही.

६ एप्रिल, रविवार

जे केलं ते लिहितो.

ही आणि ठकी मावशीकडे गेल्या होत्या. मी लॅपटॉपवर आमचं स्वयंपाकघर उभं केलं. तासाभराचं काम. दारात कॅमेरा ठेवला, नजर नेहमीसारखी रुंद केली, सगळं आलं पाहिजे ना. फिकट छापलं. त्यावर चांगला कागद लावून खिडकीच्या काचेला चिकटवला आणि उजेडात गिरवलं. मध्ये मध्ये रेष मुद्दाम थोडी हलवली. मग सगळं झाल्यावर पट्टी घेऊन पुसट रेषा ओढल्या, दूरवर जाणाऱ्या, म्हणजे वाटावं की यांच्यावरूनच चित्र बांधलंय.

छान झालं. हेच वाईट. मी ते टेबलावर टेकवून लांबून पाहिलं आणि क्षणभर मलाच वाटलं, जमलं की आपल्याला.

८ एप्रिल

ठकीनं पाहिलं. मी गुंडाळी करून ठेवली होती, पण तिनं उघडली.

"बाबा, हे हातानं काढलंस?"

"मग काय पायानं?"

ती हसली. माझ्या गळ्यात पडली. दहावीनंतर असं केलं नव्हतं तिनं. फोनमध्ये फोटो काढला, मैत्रिणीला पाठवला, खाली काहीतरी लिहिलं आणि मला वाचू दिलं नाही.

मग नीट बघून म्हणाली, "हे कडेचं स्टूल असं लांबट का? गोल आहे ना आपलं?" आमचं स्टूल ओट्याच्या डाव्या टोकाला असतं, चित्रात अगदी कडेला आलंय. मी वाकून पाहिलं. खरंच ते अंड्यासारखं होतं, तिरकं, भिंतीकडे कुणी ओढल्यासारखं. का, ते मला माहीत नव्हतं. म्हणालो, "कडेला गेलेली वस्तू ओढली जाते. नियम आहे तो."

"पण दिसत तर नाही तशी."

"डोळा फसवतो. नियम फसवत नाही."

वाक्य बरं जमलं असं वाटलं होतं तेव्हा. तिनं ते वहीत लिहून घेतलं.

१५ एप्रिल

चित्राची गुंडाळी मी ठेवतो एकीकडे, सापडते दुसरीकडे. कोपरे मऊ पडलेत. हिचं झाडणं-पुसणं. हिला म्हणालो, माझ्या कागदांना हात लावत जाऊ नकोस. म्हणाली, "मी नाही लावत." आणि मग, "खिडकीच्या काचेला चिकटपट्टीचा गोंद कसा काय लागला हो? घासून घासून जात नाही."

स्वच्छतेपलीकडे काही सुचत नाही हिला.

ठकी खोलीत दार लावून अभ्यास करते. काय करतेस विचारलं तर म्हणते, परीक्षेच्या दिवशी बघशील. माझ्याकडून धडा मागणंही तिनं बंद केलंय, त्यामुळे मी सुटलो.

२२ एप्रिल

आज बाईंना चित्र दिलं. त्या दोन आठवडे आजारी होत्या म्हणून राहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, वा. बाकीचेही जमले. बाईंनी चष्मा वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं.

"तुम्ही कुठे उभे होतात?"

"दारात."

"बरं," म्हणाल्या. एवढंच. मग कोपऱ्यातलं एक गोल स्टूल उचलून खोलीच्या डाव्या टोकाला ठेवलं आणि सगळ्यांना ते काढायला लावलं. सगळ्यांचं स्टूल स्टुलासारखं आलं. माझंसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी बघून बरोबर काढलं आणि ते बघून मला घाम फुटला.

सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"या लांबच्या रेषा चित्रावरून गेल्यात," म्हणाल्या. "बांधणीच्या रेषा चित्राखाली असतात. घर बांधून झाल्यावर कुणी पाया खणतं का?"

मग त्यांनी बोट चित्राच्या डाव्या कडेला नेलं.

"आणि हे स्टूल. यंत्र चुकलं नाही हां. तुम्ही त्याला सांगितलंत, एका जागी उभं राहून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळं एकदम दाखव. त्यानं दाखवलं. माणूस तसं बघत नाही. माणूस मान वळवतो, नाहीतर दोन पावलं मागे जातो. म्हणून हातानं काढणाऱ्याच्या चित्रात असं अंडं येतच नाही. आलं तर त्याचा डोळा त्याला टोचतो." मग चित्राची गुंडाळी करून माझ्या हातात दिली. "गिरवायला हरकत नसते. मीही गिरवूनच शिकले. पण इथे कुणाला फसवायचं होतं? मी तर तुम्हाला नापासही करू शकत नाही."

जिना उतरून खाली आलो. किल्लीवाला म्हणाला, काका, बरं वाटत नाही का?

२३ एप्रिल

ठकीला सांगायला हवं. परीक्षा परवा. सकाळपासून तीनदा तिच्या दारापर्यंत गेलो.

एकदा ती आतून म्हणाली, "बाबा, काय रे?" मी म्हणालो, पंखा चालू आहे का ते बघायला आलो.

मी स्वतःला असं समजावलं, की परीक्षेच्या तोंडावर पोरीला कशाला गोंधळात टाकायचं? एक स्टूल. ते परीक्षेत येणार आहे थोडंच. आणि आलं तरी कडेला येणार आहे थोडंच. निकाल लागला की निवांत सांगू, हसून सांगू, तीही हसेल.

हे सगळं पटण्यासारखं आहे. तरी लिहिल्यावर बघितलं तर त्यात ठकी कुठेच नाही, नुसता मी आहे.

२४ एप्रिल

जेवणं झाल्यावर ही म्हणाली, "तिच्याशी काही बोलायचं राहिलंय का तुमचं?"

म्हणालो, रिक्षाचे पैसे दिलेत तिला, पेन्सिली घेतल्यात.

"तेवढंच का?" म्हणाली. थोडा वेळ माझ्यासमोर उभी राहिली आणि मग ताटं उचलली. हिला परीक्षेची माझ्यापेक्षा जास्त धास्ती.

२५ एप्रिल

परीक्षा झाली. फाटकातून बाहेर आली ती उड्या मारत. "सोप्पा होता. वर्गातच वस्तू मांडल्या होत्या, टेबल, बादली, खुर्ची, ते बघून काढायचं. आणि कडेला काय होतं सांग? स्टूल! गोल! आपलंच जणू."

मी म्हणालो, वा.

तिला कुल्फी घेतली. मी खाल्ली नाही. गोड नको म्हणालो.

१९ मे

निकाल. लेखी पेपरात ठकी वरच्या काही जणांत. चित्रकलेत किमान गुणांना थोडक्यात मुकली, म्हणून प्रवेश नाही. पुढची परीक्षा पुढच्या वर्षी.

ती रडली नाही, संतापली. "शक्यच नाही. मी रोज तुझ्या चित्रावरून सराव केलाय, रोज. तुझ्यासारखं येईपर्यंत." मग कळलं गुंडाळीचे कोपरे कुणी मऊ केले ते. मी हिच्याकडे पाहिलं. ही खिडकीकडे बघत होती.

ठकीनं अर्ज करून टाकलाय. पेपर बघायला मिळतो, परीक्षकाशी बोलता येतं, पालक सोबत चालतात. "तू चल," म्हणाली. "मला धड समजावता येणार नाही, तू त्यांना नियम सांग. नाहीतर कागद घे आणि त्यांच्यासमोर काढूनच दाखव."

२० मे

पोट बिघडल्याचं सोंग घ्यावं का, असा विचार मनात आला. नुसता आला नाही, दुपारपर्यंत राहिला. सत्तेचाळीस वर्षांचा घोडा मी.

सांगायला तिच्या खोलीत गेलो. ती माझ्या चित्राची गुंडाळी उद्या न्यायच्या पिशवीत भरत होती, कोपरे दुमडू नयेत म्हणून मधे पुठ्ठा घालून. मी म्हणालो, "लवकर झोप."

२१ मे

परीक्षक माझ्याच वयाचे, थकलेले, सभ्य. लांब टेबल, पाठीमागे मोठी खिडकी. त्यांनी ठकीचा पेपर काढला. टेबल सुरेख, खुर्ची सुरेख, बादलीची कडी तर अशी की उचलावीशी वाटावी. आणि डाव्या कडेला ते अंडं. माझं अंडं, तस्संच, तेवढंच तिरकं.

"बाकी सगळं चांगलं आहे," ते म्हणाले. "पण पेपर बघून काढायचा होता. यावरून आम्हाला वाटलं, मुलीनं न बघता पाठ केलेलं काढलंय. त्याचे गुण गेले."

ठकीनं लगेच वहीतलं वाक्य म्हणून दाखवलं. कडेची वस्तू ओढली जाते, डोळा फसवतो, नियम फसवत नाही. ते ऐकताना मला खुर्चीखाली शिरावंसं वाटलं.

परीक्षकांनी पेपर उचलून खिडकीसमोर तिरका धरला. "हे बघा." अंड्याखाली खोडलेल्या रेषांचे वळ दिसत होते. गोल बैठक, सरळ, शांत, जागच्या जागी. "पहिल्यांदा बरोबर काढलं होतंत. पुन्हा एकदा बरोबर काढलंत, हे दुसरे वळ. का खोडलंत?"

ठकी म्हणाली, "मला ते गोलच दिसत होतं. पण बाबांच्या चित्रात तसं नव्हतं. मला वाटलं, माझंच बघणं चुकतंय." आणि तिनं पिशवीतून माझी गुंडाळी काढून त्यांच्यापुढे पसरली. "हे त्यांनी हातानं काढलंय. ते याच कामात आहेत."

परीक्षकांनी चित्र पाहिलं. त्यांना कळायला एवढासा वेळ लागला. मग ते माझ्याकडे बघायला लागले. माणूस भला, मला वाट ठेवली. मी म्हणालो असतो, असतं एकेकाचं मत, निघतो आम्ही, तरी त्यांनी निघू दिलं असतं.

मी म्हणालो, "मला हातानं येत नाही. ते कॉम्प्युटरवर केलं आणि खिडकीवर धरून गिरवलं. तिला खोटं सांगितलं."

ठकी चित्राकडे बघत होती, माझ्याकडे नाही. परीक्षक हळू आवाजात तिला म्हणाले, गुण बदलता येत नाहीत, पण पुढच्या वर्षी या, आणि जे दिसतं ते खोडू नका. तिनं मान हलवली, आपला पेपर परत दिला, नमस्कार केला. माझं चित्र तिथेच टेबलावर राहिलं. मला ते उचलायचा धीर झाला नाही.

बसमध्ये ती खिडकीशी बसली, मी शेजारी. मला आतून थोडं सुटल्यासारखंही वाटत होतं, खरं सांगायचं तर. सगळ्यांसमोर बोललो, नाक कापून घेतलं, म्हणजे आता फिटलं, असं काहीतरी. तिनं विचारलं तर सगळी हकिगत सांगायची मी तयारी करत होतो, बाईंचा वर्ग, फाडलेले कागद, तुझ्यासाठीच गेलो होतो हे.

तिनं ते काही विचारलं नाही. बाहेर बघत म्हणाली, "ते स्टूल चुकलंय हे तुला आज कळलं?"

आज, असं म्हणता आलं असतं. बाई सांगायला येणार नव्हत्या. मी तोंड उघडलं तेव्हा काय म्हणणार होतो ते मला खरंच माहीत नाही.

"नाही," म्हणालो. "परीक्षेच्या आधी. तीन दिवस आधी."

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, पूर्ण, नीट, एखादी वस्तू काढायच्या आधी बघतात तसं. मग उठली, माझ्या गुडघ्यांवरून वाट काढत दाराशी गेली आणि पुढच्या थांब्यावर उतरली. आमचा थांबा अजून यायचा होता.